सँगर यांना आकड्यांचे साक्षीदार करू नका

दरवर्षी पावसाळा सरता सरता मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरलेली असते. अमुक विद्यापीठाचे किंवा तमुक महाविद्यालयाचे इतके प्राध्यापक ‘जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत आले. सोबत छायाचित्रे, संस्थाचालकांचे अभिनंदन आणि ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाने जाहीर केलेली यादी’ असा उल्लेख. ही यादी जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या माहितीसाठ्यावरून तयार करतात. आयोनिडिस स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक आहेत, म्हणून ते नाव तिला चिकटले. हा त्या विद्यापीठाने दिलेला सन्मान नव्हे. यादीत आलेल्या कुणाचेही संशोधन कुणी वाचून त्याची निवड केलेली नसते. कुणाचे पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केले, म्हणजे आपण सगळे ज्याला सायटेशन म्हणतो, त्यावरून एका सूत्राने आकडा निघतो आणि त्या आकड्याप्रमाणे नावे लागतात.

या मोजणीवर शंका घेतली की समोरून तीन उत्तरे येतात, आणि ती देणारे बहुतेक जण मनापासून देतात, हे मला मान्य आहे. पहिले उत्तर असे की सायटेशन म्हणजे जगभरच्या जाणकारांनी दिलेले मत, त्याहून निःपक्ष मोजमाप कोणते असणार? दुसरे, आकडा नको म्हणाल तर उरतो तो वशिला. आणि तिसरे उत्तर रेण्वीय जीवशास्त्रातून येते. फ्रेडरिक सँगर यांचा डीएनएवरचा १९७७ चा पेपर बघा, २०१४ च्या यादीत जगात सर्वाधिक उद्धृत झालेल्या पेपरांत तो चौथा होता. ज्याच्यात दम असतो त्याला सायटेशन मिळतातच. मग तुमची तक्रार काय?

सँगर यांचे नाव या कामासाठी वापरले जाते, तेव्हा मला गप्प बसवत नाही. कारण आकड्यांवर विसंबण्याविरुद्ध एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात क्वचितच सापडेल.

सँगर १९१८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये जन्मले, केंब्रिजमध्ये शिकले आणि १९४३ मध्ये तिथल्याच जीवरसायन विभागातून पीएच.डी. झाले. पुढची सुमारे बारा वर्षे त्यांनी एकाच प्रथिनाला दिली, इन्सुलिनला. प्रथिनांमध्ये अमिनो आम्लांचा काही ठरलेला क्रम असतो की ती कशीही जोडलेली असतात, हेच त्या काळी नक्की नव्हते. सँगर यांनी साखळीच्या टोकाच्या अमिनो आम्लाला चिकटणारे एक पिवळे रसायन वापरले, साखळी तोडली, तुकडे वेगळे केले, प्रत्येक तुकड्याचे टोक ओळखले आणि एकमेकांवर येणाऱ्या तुकड्यांवरून मूळ क्रम जुळवला. १९५५ पर्यंत इन्सुलिनच्या दोन साखळ्यांमधली ५१ च्या ५१ अमिनो आम्ले आणि त्यांना जोडणारे गंधकाचे पूल जागच्या जागी बसले. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा निश्चित क्रम असतो, हे सिद्ध झाले. १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

आता पुढची वर्षे बघा. इन्सुलिननंतर सँगर यांनी किरणोत्सारी खुणा लावून प्रथिनांच्या क्रियाशील जागा शोधायचा प्रयत्न केला. त्यातून काही पेपर निघाले, पण पहिल्या कामाच्या तोलाचे काही हाती लागले नाही. त्या काळात आपला हात फारसा भरला नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. १९६२ मध्ये ते केंब्रिजच्याच नव्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत आले. मेडिकल रिसर्च कौन्सिलची ही प्रयोगशाळा लोक एलएमबी म्हणून ओळखतात. तिथे ते आरएनएकडे वळले. आरएनएचा पहिला पूर्ण क्रम लावण्याची शर्यत मात्र अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये जिंकली. सँगर यांच्या गटाचा १२० न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा क्रम त्यानंतर दोन वर्षांनी, १९६७ मध्ये आला. मग ते डीएनएकडे गेले. १९७५ मध्ये त्यांची पहिली पद्धत आली. १९७७ च्या सुरुवातीला तिच्याच आधारे एका जिवाणूभक्षक विषाणूचा सुमारे ५,४०० न्यूक्लिओटाइडांचा पूर्ण जीनोम वाचून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी निक्लेन आणि कूल्सन यांच्यासह लिहिलेला तो पेपर आला, ज्याचा दाखला आज आपल्याला दिला जातो.

त्या पद्धतीतली कल्पना सांगायला सोपी आहे. डीएनएची नवी साखळी एकेक न्यूक्लिओटाइड जोडत वाढते. पुढचे जोडण्यासाठी आधीच्यावर एक विशिष्ट हायड्रॉक्सिल गट लागतो. हा गट नसलेले बनावट न्यूक्लिओटाइड मिश्रणात थोडेसे मिसळले, की ते जिथे जोडले जाईल तिथे साखळी थांबते. चारही अक्षरांसाठी असे चार वेगळे प्रयोग करायचे, थांबलेले तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे करायचे आणि फिल्मवर उमटलेल्या पट्ट्या खालून वर वाचत जायच्या. सांगायला सोपे, पण तिथवर पोचायला वर्षे गेली. असे एक बनावट न्यूक्लिओटाइड दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मिळाले, बाकीची बाजारात नव्हतीच, ती त्यांनी स्वतः बनवली. १९८० मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि पॉल बर्ग यांच्यासह सँगर यांना रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले. १९८३ मध्ये वयाच्या पासष्टीला त्यांनी प्रयोगशाळा सोडली, घरी गेले आणि बागकामात रमले. सर ही पदवी त्यांनी नाकारली होती.

मोजणीच्या समर्थकांना माझा प्रश्न साधा आहे. १९५५ ते १९६७ या काळात आजच्या मोजणीने सँगर यांना कुठे बसवले असते?

हा प्रश्न पहिल्यांदा मी विचारलेला नाही. सँगर २०१३ मध्ये गेले. त्यानंतर एलएमबीमधले त्यांचे सहकारी, स्वतः नोबेल मिळालेले सिडनी ब्रेनर यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात श्रद्धांजली लिहिली आणि त्यात स्पष्ट म्हटले की आजच्या विज्ञानाच्या जगात सँगर टिकलेच नसते. इन्सुलिन आणि आरएनए यांच्या मधल्या वर्षांत आणि पुन्हा डीएनएपर्यंतच्या वर्षांत त्यांनी महत्त्वाचे फारसे काही छापले नाही, हे एखाद्या समितीच्या लक्षात आले असते, त्यांच्यावर अनुत्पादक असा शिक्का बसला असता आणि त्यांना लागणारा माफक निधीही बंद झाला असता, असा त्या लेखाचा आशय आहे. ब्रेनर हे मोघम बोलत नव्हते. सँगर ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिच्या आत बसून ते बघत होते.

यावर समर्थक म्हणतील, शेवटी आकडा आलाच ना? आला. पण कधी आला? काम संपल्यावर, नोबेल मिळून गेल्यावर, पद्धत जगभर पसरल्यावर. नेमणूक, बढती, निधी हे सगळे निर्णय त्याच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात. कुणाला पाच वर्षे निवांत काम करू द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवायच्या दिवशी जो आकडा अस्तित्वातच नसतो, तो निर्णयाला उपयोगी कसा पडणार? सँगर यांच्या १९७७ च्या पेपरची सायटेशन दाखवून आजच्या सहायक प्राध्यापकाला सायटेशनवरून निघणारा एच-इंडेक्स विचारणे म्हणजे काळाची दिशाच उलटी करणे आहे.

तो आकडा मोठा का आला, हेही समजून घ्यायला हवे. ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभर पेपरांची यादी केली होती. पहिला क्रमांक ऑलिव्हर लोरी यांच्या १९५१ च्या पेपरचा, तीन लाखांहून अधिक सायटेशन. विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची रंगाची चाचणी. दुसरा लेमली यांचा १९७० चा, जेलवर प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीचा, दोन लाखांहून अधिक. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, प्रथिन मोजण्याचीच आणखी एक पद्धत. चौथा सँगर यांचा, सुमारे ६५ हजार. म्हणजे पहिले चारही पेपर पद्धतींचे. प्रयोगशाळेत रोज करायच्या कामाची कृती ज्याने लिहिली, त्याचे नाव ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात लाखो वेळा आले. या पद्धतींनी विज्ञान पुढे नेले, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा पेपर त्या शंभरांत नाही. शंभराव्या क्रमांकासाठी बारा हजारांच्या वर सायटेशन लागत होती आणि विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राची दिशा बदलणाऱ्या त्या पानभर लेखाची तेवढी झाली नव्हती. आपल्या त्या पेपरला मोठा म्हणता येणार नाही, हे खुद्द लोरींनी प्रांजळपणे लिहिले होते. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, तोच माणूस आकड्याचा अर्थ असा सांगतो. आणि आपण मात्र त्याच आकड्याने आपल्या शिक्षकांना रांगेत उभे करतो.

पहिल्या उत्तराचा, म्हणजे सायटेशन हे जाणकारांचे मत असते या समजुतीचा, पाया इथेच खचतो. पेपर अनेक कारणांनी उद्धृत होतो. त्याची पद्धत वापरली म्हणून, तो खोडून काढायचा म्हणून, परीक्षकाने सुचवले म्हणून, गाइडचा आहे म्हणून, किंवा आधीच्या पेपरात होता म्हणून तसाच उचलून. कौतुक हे त्यांतले एक कारण. उलट काम जितके खोल मुरते तितके त्याला उद्धृत करणे थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी दाखवले होते. आज पुण्या-मुंबईच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांत सँगर सिक्वेन्सिंग हा रोजचा शब्द आहे, तिथे दर वेळी १९७७ च्या पेपरचा संदर्भ कोण देतो? मानवी जीनोमचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला तो मुख्यतः याच पद्धतीच्या यंत्रचलित रूपावर. त्या यशातला सँगर यांचा वाटा कोणत्याही निर्देशांकात सापडणार नाही.

एच-इंडेक्सचे गणित तर आणखी आंधळे आहे. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ते मांडले. ज्याचे वीस पेपर प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले त्याचा एच-इंडेक्स वीस. आता समजा एखाद्याने आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि तिन्हींनी विज्ञान बदलले, प्रत्येकी पन्नास हजार सायटेशन झाली. त्याचा एच-इंडेक्स तीन. तीनच्या पुढे तो जाऊच शकत नाही. वीस मध्यम पेपर लिहिणारा त्याच्या जवळजवळ सातपट मोठा ठरतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय गुण आणले. पेपर कोणत्या नियतकालिकात छापला त्यावर गुण, आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर जितका मोठा तितके जादा गुण. इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकाच्या सायटेशनची सरासरी असते, त्यातल्या एकेका पेपरची नव्हे. त्या तक्त्यात सँगर यांचा डिसेंबर १९७७ चा पेपर आणि त्याच अंकातला, आज कुणाला आठवतही नसलेला दुसरा एखादा पेपर यांना इम्पॅक्ट फॅक्टरचे सारखेच गुण पडले असते. पोत्यावरचा छाप बघून आतल्या धान्याला भाव देण्याचाच हा प्रकार.

याचे परिणाम काय झाले, ते पुण्यातल्याच अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असे त्यांना आढळले. कुणाचा पत्ता खोटा, कुणाची माहिती खोटी. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. ही नियतकालिके आकाशातून पडली नव्हती. पैसे भरले की पेपर छापणारी ही दुकाने गुणांच्या गरजेतून उघडली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढली. तोवर किती विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीतून या दुकानांची फी भरली असेल, याचा विचार केला की संताप येतो.

आणि हे निकृष्ट नियतकालिकांपुरते नाही. ‘नेचर’मध्ये २००६ साली मिनेसोटा विद्यापीठातून अल्झायमरवरचा एक पेपर आला होता. मेंदूतल्या एका विशिष्ट प्रथिनसमूहामुळे स्मृती जाते, असा त्याचा दावा. त्याची सुमारे अडीच हजार सायटेशन झाली. चित्रांमध्ये फेरफार झाल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. मधल्या अठरा वर्षांत जगातल्या प्रत्येक निर्देशांकाने तो पेपर मोठाच मानला. त्यातली चित्रे डोळे उघडे ठेवून बघणाऱ्या माणसांनी तो पकडला.

आता वशिल्याचा मुद्दा. तो मला हलका वाटत नाही. आपल्या विद्यापीठांतल्या मुलाखतींच्या खोल्यांत काय चालते हे इथे नोकरी करणाऱ्या कुणाला सांगायला नको. जात, गट, संस्थाचालकाचा भाचा, आमदाराची चिठ्ठी. लहान गावातून आलेल्या, ओळखदेख नसलेल्या मुलीला निदान आकडा तरी टेबलावर ठेवता येतो, असे कुणी म्हणाले तर तिची अडचण मला कळते. पण आकड्याने वशिला गेला का? गुण मिळवून देणारे पेपर कुणाला सोपे गेले? ज्याच्या हाताखाली दहा विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक पेपरवर ज्याचे नाव न चुकता लागते, त्याला. ज्याचे मित्र एकमेकांचे पेपर उद्धृत करतात, त्याला. फी भरायची ऐपत आहे, त्याला. ओळखदेख नसलेली ती मुलगी या हिशेबातही मागेच राहते.

खरा एकटा माणूस आकड्याला दिसत नाही, याचे आपल्याच देशातले उदाहरण कोलकात्याचे शंभुनाथ डे. ते पॅथॉलॉजिस्ट, कॉलऱ्यावर काम करणारे. सशाच्या आतड्याचा बांधलेला भाग वापरून त्यांनी १९५३ मध्ये एक प्रयोगपद्धत उभी केली. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवले की जिवाणू पूर्णपणे गाळून टाकलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी भरते. म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू एक विष सोडतो आणि ते विषच रोग घडवते. कॉलऱ्याकडे बघण्याची दृष्टीच त्याने बदलली. पण सुरुवातीची बरीच वर्षे त्या पेपरची पुरेशी दखल घेतली गेली नाही. भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९८५ मध्ये वारले. त्यांचे मोल ओळखले कुणी? जोशुआ लेडरबर्ग यांनी. या नोबेलविजेत्या जीवशास्त्रज्ञाने डे यांचे काम वाचले होते आणि नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले. १९७८ च्या नोबेल परिसंवादाला डे यांना बोलावणे आले. डे यांच्या निधनानंतर १९८६ मध्ये त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो यूजीन गारफिल्ड यांनी. सायटेशन इंडेक्सची कल्पना १९५५ मध्ये मांडणारा आणि पुढच्या दशकात ती प्रत्यक्षात आणणारा हाच माणूस. ज्याने मोजणी सुरू केली त्यालाच त्या मोजणीतून निसटलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगावी लागली. मुळात गारफिल्ड यांनी हे साधन बनवले ते संशोधकाला संबंधित साहित्य शोधता यावे म्हणून. माणसांची प्रतवारी लावण्यासाठी ते डोळे मिटून वापरू नये, असे ते सांगत राहिले.

डे यांना अकादम्यांनी डावलले, म्हणजे माणसांचा निवाडाही चुकतो, असे कुणी म्हणेल. चुकतो. पण तिथे चूक कुणाची ते दाखवता येते, त्याला जाब विचारता येतो. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने डे यांच्यावर विशेषांक काढला तो याच जाब विचारण्यातून. आकड्याला जाब कोण विचारणार?

मग सँगर टिकले कसे? कारण एलएमबीमध्ये त्यांचे काम समजणारी माणसे होती. प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुत्झ यांनी स्वतः १९३७ मध्ये हिमोग्लोबिनची रचना शोधायला घेतली होती आणि ती हाती आली १९५९ मध्ये. बावीस वर्षे. मोठ्या प्रश्नाला किती वेळ लागतो हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. गट लहान, निधी मेडिकल रिसर्च कौन्सिलकडून एकत्रित यायचा, आणि ठरावीक काळाने बाहेरून येणारे तज्ज्ञ प्रत्यक्ष कामाबद्दल प्रश्न विचारायचे. सँगर यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले रॉडनी पोर्टर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना पुढे नोबेल मिळाले. हेही कोणत्या सायटेशनमध्ये मोजाल? एवढे मात्र मान्य करायला हवे की तरुणपणी सँगर यांच्याकडे घरचा पैसा होता आणि सुरुवातीला त्यामुळे त्यांना पगाराची चिंता नव्हती. ज्यांच्याकडे तो नसतो त्यांच्यासाठी तर निवाडा करणाऱ्यांनी काम वाचणे आणखीच गरजेचे.

आणि जे काम मुळात इथल्या प्रश्नांवरचे असते, त्याचे काय? सँगर पीएच.डी. झाले त्याच केंब्रिजच्या जीवरसायन विभागातून त्यांच्या चार वर्षे आधी, १९३९ मध्ये, कमला भागवत पीएच.डी. झाल्या होत्या. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा, असे सांगितले जाते. मायदेशी आल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतल्या प्रथिनांवर आणि नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. गरिबांच्या ताटात काय पोचते हा त्यांचा प्रश्न होता. नीरेवरच्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. या कामाची आंतरराष्ट्रीय सायटेशन मोजून काय कळणार? सह्याद्रीतल्या एखाद्या गवताची नवी जात नोंदवणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचेही तेच. ते गवत जगात फक्त इथेच उगवते, तर त्याच्यावरचा पेपर उद्धृत करणारेही मूठभरच असणार. कर्करोगावर काम करणाऱ्याच्या शेजारी त्याला उभे करून आकडा विचारणे हा उघड अन्याय आहे.

रेण्वीय आणि पेशी जीवशास्त्राच्या क्षेत्रातल्या लोकांनी हे कधीच ओळखले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पेशी जीवशास्त्रज्ञांच्या सोसायटीच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या अधिवेशनात संपादक आणि संशोधक एकत्र बसले आणि त्यातून डोरा नावाचा जाहीरनामा निघाला. एखाद्या संशोधकाची नेमणूक, बढती किंवा निधी ठरवताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, कामाचा आशय बघावा, ही त्याची मुख्य मागणी. जगभरच्या हजारो संस्थांनी आणि संशोधकांनी त्यावर सह्या केल्या आहेत. ज्या विषयात सायटेशन सर्वांत जास्त पडतात त्याच विषयातल्या माणसांनी ही मागणी केली, याची दखल आपल्या कुलगुरूंनी घ्यायला हवी.

म्हणून माझी विनंती निवड समित्यांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना आहे. उमेदवाराकडून त्याच्या मते त्याचे सर्वांत चांगले तीन पेपर मागवा. मुलाखतीच्या आधी ते स्वतः वाचा. प्रश्न त्या पेपरांवर विचारा, कोणता प्रयोग फसला आणि मग काय केले ते विचारा. समितीतल्या प्रत्येकाने आपले मत कारणांसह लिहावे आणि खाली सही करावी. माहितीच्या अधिकारात कुणी ते मागितले तर देता यावे. एवढे करायला एका उमेदवारामागे एक दिवस लागेल. तो दिवस देणे ज्यांना शक्य नाही त्यांनी समितीवर बसायचे नाकारावे.

आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना एवढेच सांगायचे आहे की पुढच्या वर्षी दोन टक्क्यांची ती यादी आली की त्यातल्या एका प्राध्यापकाला फोन करा, त्यांनी नेमके काय शोधले ते विचारा आणि ते छापा.